गणपतीला गावी जाताना आमच्या घरातलं एक माणूस दरवर्षी मागे राहतं

मोठी पोस्ट आहे, पाळीव प्राण्यांना रेल्वे-बसमधून बरोबर नेण्याबद्दलची. सवडीने वाचा, पण वाचा. कोकणातल्या मंडळींनी तर नक्कीच, आणि ज्यांच्या घरात कुत्रा-मांजर आहे त्यांनीही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, देवरुखच्या अलीकडे. राहायला डोंबिवलीत. घरचा गणपती पाच दिवसांचा. लग्न होऊन आले त्या वर्षापासून २०१९ पर्यंत माझा एकही गणपती चुकला नव्हता. मग २०२० च्या लॉकडाउनमध्ये बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, एका बंद पडलेल्या स्कूटरखाली, पावसात भिजून थरथरणारं एक पिल्लू सापडलं. आई कुठे दिसेना. मुलगा टॉवेलात गुंडाळून वर घेऊन आला. "घरात कुत्रा आणायचा नाही" असं पहिल्या दिवशी ठणकावून सांगणाऱ्या सासूबाईंनीच तिसऱ्या दिवशी त्याला दूधपोळी कुस्करून घातली आणि भुऱ्या हे नावही त्यांनीच ठेवलं. आज तो सोळा किलोचा आहे. संध्याकाळी सासूबाई हरिपाठ म्हणायला बसल्या की त्यांच्या पायाशी येऊन पडतो आणि हरिपाठ संपेपर्यंत हलत नाही.

तेव्हापासून आमचा प्रश्न एकच. गणपतीला गावी जायचं, तर भुऱ्याचं काय?

शेजारी सगळे आपापल्या गावी. कुत्रे सांभाळणारी बोर्डिंगं आहेत, पण गणपतीच्या दिवसांत ती आधीच भरलेली असतात, आणि एकदा दोन दिवस ठेवून पाहिलं तेव्हा भुऱ्याने दोन्ही दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. २०२१ ला मी राहिले, २०२३ ला नवरा, २०२४ ला परत मी, गेल्या वर्षी परत नवरा. व्हिडिओ कॉलवर आरती बघायची, पलीकडे टाळ-झांजांचा आवाज चिरकत येतो, रेंज जाते, आणि "घालीन लोटांगण"च्या मध्येच स्क्रीन गोठते. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल.

२०२२ चं वर्ष मी वर मुद्दाम वगळलं. त्या वर्षी आम्ही ठरवलं की काहीही करून सगळ्यांनी जायचं, भुऱ्यासकट.

आधी रेल्वेचं पाहिलं. रेल्वेचा नियम फार थोड्या लोकांना नीट माहीत असतो म्हणून सांगते. कुत्रा रेल्वेने नेता येतो. पण भुऱ्याएवढ्या कुत्र्याला स्वतःबरोबर डब्यात न्यायचं असेल तर तो फक्त फर्स्ट एसीत किंवा फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही दोन बर्थचा अख्खा कुपे किंवा चार बर्थची अख्खी केबिन तुमच्या ताब्यात असेल तर. एसी टू-टियर नाही, थ्री-टियर नाही, स्लीपर नाही, चेअर कार नाही, सेकंड क्लास नाही. कुपे मिळेलच याची खात्री तिकीट काढताना कोणी देत नाही, ते चार्ट लागतो तेव्हा कळतं. शिवाय कुत्र्याचं वेगळं बुकिंग, पार्सल ऑफिसात जाऊन, डॉक्टरांचा दाखला आणि लसीचं कार्ड दाखवून. न नोंदवता नेलेला सापडला तर सहापट आकार.

आता कोकणच्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. दिवा-सावंतवाडीला फर्स्ट एसी नाही. जनशताब्दीला नाही. आणि ज्या गाड्यांना आहे त्यांचं गणपतीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि आपण 'सबमिट' दाबेपर्यंत संपलेलं असतं. तिथे पाच माणसांच्या घराने फर्स्ट एसीची अख्खी केबिन कशी मिळवायची, आणि त्याचे पैसे कुठून आणायचे?

दुसरा मार्ग डॉग बॉक्स. गार्डच्या, म्हणजे आता ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात त्यांच्या ब्रेक व्हॅनमध्ये एक लोखंडी खुराडं असतं, त्यात कुत्रा कोंडायचा. खाणं-पाणी मालकाने बघायचं, म्हणजे गाडी थांबली की आपल्या डब्यातून उतरून शेवटच्या डब्याकडे पळायचं, पाणी पाजायचं, आणि गाडी सुटायच्या आत परत यायचं. कोकण रेल्वेवरचे बहुतेक थांबे दोन मिनिटांचे. बोगद्यामागून बोगदा, कर्णकर्कश आवाज, काळोख, आणि ओळखीचं एकही माणूस जवळ नाही. मी ते खुराडं प्लॅटफॉर्मवरून बघितलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हे नाही करायचं.

मग खासगी ट्रॅव्हल्स. नाव घेत नाही. फोनवर त्यांनी स्वच्छ हो म्हटलं. कुत्र्याचं वेगळं भाडं लागेल म्हणाले, आम्ही ते आगाऊ भरलं. रात्री नऊ वाजता हायवेला बस आली. सासूबाई, मुलगा, मुलगी चढले. नवरा भुऱ्याला घेऊन दाराशी गेला तर क्लिनर म्हणाला, "त्याला वर नाही, डिकीत." आणि त्याने खरंच डिकी उघडली. आत बॅगा, कांद्याचं एक पोतं, कोणाचा तरी गुंडाळलेला गालिचा. इंजिनाच्या बाजूने गरम वाफ येत होती. मी हात आत घालून पाहिला, पत्रा चटका बसेल इतका तापलेला होता. भुऱ्या त्या काळोख्या तोंडाकडे एकदा बघायचा आणि एकदा माझ्याकडे. पुढचे दोन्ही पाय त्याने रस्त्यावर घट्ट रोवले होते आणि शेपूट पोटाखाली घेतली होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंडाने धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. बंद, तापलेल्या जागेत त्या धापा पुरत नाहीत आणि कुत्रा उष्माघाताने मरतो. त्या क्लिनरला हे माहीत नसेल, त्याच्यावर माझा राग नाही. पण फोनवर हो म्हणून पैसे घेणाऱ्याला डिकी म्हणायचं धैर्य तेव्हा का झालं नाही?

सगळे खाली उतरले. सामान उतरवलं. पैसे परत मिळाले नाहीत. रात्री साडेअकराला एक गाडी मिळाली, साडेसात हजार एका बाजूचे. सकाळी घरी पोचलो. भुऱ्या वाटेत एकदा ओकला, तेवढंच. पाच दिवस तो पडवीत माझ्या दिराच्या खाटेखाली झोपला, जाखडीच्या नाचाच्या रात्री ढोलकीला घाबरून माजघरात घुसला, आणि विसर्जनाला सगळ्यांबरोबर पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, चालत आला. परत येतानाही तेवढेच पैसे. पंधरा हजार दरवर्षी आम्हाला झेपत नाहीत, म्हणून परत पाळ्या.

मला जे म्हणायचंय ते हे. पाळीव प्राण्यांना सार्वजनिक वाहनांत येऊ द्यावं की नाही, यावर आपण वाद घालतो तेव्हा जणू आज कोणी नेतच नाही असं धरून चालतो. प्राणी आजही प्रवास करतात. ज्याच्याकडे फर्स्ट एसीचे पैसे आहेत त्याचा कुत्रा गादीवर झोपून जातो. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून लहान कुत्रा-मांजर पिशवीत घालून थेट विमानाच्या केबिनमध्ये नेऊ दिलं, एअर इंडियातही नेता येतं. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो लपवून नेतो.

लपवून नेणाऱ्याची एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी भुऱ्याला गोचीडताप झाला. रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप खाली गेलेल्या. आमच्या डॉक्टरांनी परळला न्या म्हणून चिठ्ठी दिली. परळचं ते प्राण्यांचं हॉस्पिटल, ज्याला अजून सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. (ते नाव उगीच पडलेलं नाही. या मुंबईत १८७४ साली पहिली ट्राम धावली ती घोड्यांनी ओढली. आपल्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाहतुकीची सुरुवातच जनावरांच्या खांद्यावरून झाली आहे.) डोंबिवलीहून परळ. तीन रिक्षावाले कुत्रा बघून निघून गेले, टॅक्सीच्या अॅपवर दोघांनी येऊन रद्द केलं. शेवटी आमच्या भाजीवाल्याने माल उतरवल्यावर आपला टेम्पो दिला आणि स्वतः चालवत आला. मी मागे ताडपत्रीवर बसले, भुऱ्याचं डोकं मांडीवर, सोबत कोथिंबिरीचा ओला वास.

तिथे रांगेत माझ्या शेजारी नालासोपाऱ्याचे एक काका होते. वय साठीच्या पुढे. मांडीवर बाजाराची नायलॉनची पिशवी, तिला कात्रीने पाडलेली भोकं, वर टॉवेल. आत मांजर. लघवी अडकलेली, पोट फुगलेलं. ते लोकलने आले होते. मांजर ओरडलं की ते मोठ्याने खोकायचे, म्हणाले. गर्दीत पिशवी पायाशी ठेवली तर कोणी तुडवेल, म्हणून नालासोपारा ते दादर ती छातीशी धरून उभे होते. "पकडलं असतं तर दंड भरला असता, पण हिला घरी मरू कसं देऊ?" एवढंच बोलले.

त्या मांजराला लस दिली होती का? माहीत नाही. पिशवीची चेन निघाली असती आणि घाबरलेलं मांजर गच्च भरलेल्या डब्यात कोणाच्या अंगावर गेलं असतं तर? लपवून न्यावं लागल्यामुळे त्या डब्यातली माणसं सुरक्षित झाली नाहीत. फक्त त्यांच्यामध्ये एक मांजर आहे हे त्यांना कळलं नाही. तेच मांजर नीट बंद होणाऱ्या टोपलीत, लसीचं कार्ड तपासून, तिकीट काढून, दुपारच्या वेळी लगेजच्या डब्यात बसलं असतं तर त्या काकांचंही बरं झालं असतं आणि बाकीच्या प्रवाशांचंही.

आता दुसरी बाजू. ती मला घरातूनच ऐकावी लागते आणि मी ती मनापासून मानते. माझ्या नणंदेला ती सात वर्षांची असताना गावात कुत्रा चावला होता. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती आज पंचेचाळीसची आहे आणि भुऱ्या खोलीत आला तर तिचे हात अजून गार पडतात. ती त्याच्यावर प्रेम करते, लांबून. ती मला म्हणाली, "वहिनी, रात्री बर्थवरून पाय खाली सोडला आणि तिथे कुत्रा असला तर मी गाडीतून उडी मारेन." तिला समजावणं हे उत्तर नाही. तिनेही तिकीट काढलंय आणि तिला रात्रभर निर्धास्त झोपायचा हक्क आहे. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोगाची लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजला इलाज नाही. अशा देशात कुत्र्याला घाबरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. दम्याचे रुग्ण आहेत, ज्यांना मांजराच्या केसांनी त्रास होतो, आणि एसी डब्यात खिडकी उघडता येत नाही. हे सगळं खरं आहे.

म्हणूनच मी "सगळीकडे सोडा" असं म्हणत नाही. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये कुत्रा नकोच. तिथे माणसाला एका पायावर उभं राहावं लागतं, तिथे जनावर नेणं म्हणजे त्याचेच हाल. माझं म्हणणं असं की नियम मालकाच्या खिशाकडे बघून नको, जनावराकडे बघून हवा. लहान जनावर, नीट बंद होणाऱ्या टोपलीत मावणारं, ते कुठल्याही वर्गात न्यायला हरकत काय आहे? भुऱ्यासारखं मोठं असेल तर साखळी, तोंडाला मुसकी, रेबीजच्या लसीचं चालू वर्षाचं कार्ड, आणि बसायला वेगळी जागा. अख्खी गाडी नको, एका डब्याचा एक कप्पा पुरे, साध्या सेकंड क्लासच्या दराचा, ज्याच्या दारावर लिहिलेलं असेल की इथे प्राणी असतील. माझी नणंद त्या दारातून आत येणार नाही आणि मी बाहेर जाणार नाही. घाण केली तर मालकाने साफ करायची, नाही केली तर जबर दंड, आणि तो दंड मालकाला बोचेल इतका असावा. आमच्यातल्याच काही लोकांनी कुत्र्याची घाण रस्त्यावर सोडून सगळ्यांचं नाव खराब केलंय, हे मला मान्य आहे.

मुसकीवरून सांगते. गावाकडे मळणीला बैलांना मुसकी बांधतात तो शब्द आम्हाला नवा नाही. कुत्र्यासाठी मात्र जाळीची घ्यायची, तिच्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडाची पट्टी तोंड गच्च आवळते, ती लांबच्या प्रवासाला अजिबात वापरू नका. आणि महिनाभर आधीपासून घरात रोज थोडा वेळ सवय करा, ऐन स्टेशनवर बांधली तर तो पंजाने ओरबाडून काढतो. निघायच्या आधी पाच-सहा तास पोटात जड काही घालू नका.

"हे आपल्याकडे जमणार नाही, लोकांना शिस्त नाही" हे मला दर वेळी ऐकवलं जातं. जर्मनीत रेल्वेने कुत्रा अर्ध्या तिकिटावर जातो, साखळी आणि मुसकी बांधून, आणि मांजराएवढं जनावर टोपलीत असेल तर फुकट. लंडनच्या भुयारी रेल्वेत कुत्रे चालतात, सरकत्या जिन्यावर फक्त उचलून घ्यावे लागतात. पण ठीक आहे, ते परदेश. शेजारच्या कर्नाटकात बघा. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूहून म्हैसूरला सरकारी बसने निघालेल्या एका आजींच्या चार लव्हबर्ड्सचं कंडक्टरने ४४४ रुपयांचं तिकीट फाडलं. आजी आणि नात बायकांच्या मोफत योजनेत फुकट, आणि पाखरांना प्रत्येकी १११. सगळे त्या तिकिटाचा फोटो बघून हसले. मला त्या फोटोत वेगळंच दिसलं. तिथे पाखरांना बसमध्ये जागा आहे, त्याचा दर ठरलेला आहे, कंडक्टरला तो माहीत आहे, आणि आजींना पिंजरा पदराखाली लपवावा लागला नाही.

आणि आपल्याकडे तरी हे कधी नव्हतं का? माझ्या लहानपणी आठवडी बाजाराच्या दिवशी लाल एसटीत पायाशी कोंबड्यांची टोपली नाही असं कधी झालं नाही. कंडक्टर टोपलीकडे बघून लगेज फाडायचा, "तोंड बांधून घ्या मावशी" म्हणायचा आणि पुढे जायचा. एकदा एक कोंबडी सुटून पार ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत गेली होती, अर्ध्या बसने मिळून पकडली. कोणी तक्रार केली नाही. तेव्हाची माणसं काही वेगळी नव्हती. बाजाराला जायचं तर कोंबडी बरोबर येणारच, हे सगळ्यांना माहीत होतं.

आज आमच्यासारख्या घरांत कुत्रा-मांजर घरातलं झालंय. त्याला आजारपणात मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं, बदली झाली की नव्या गावी न्यायचं असतं. ज्यांना न्यायला साधन नसतं त्यातले काही लोक काय करतात तेही मी बघितलंय. आमच्या गल्लीत एका कुटुंबाची बदली झाली, टेम्पोत कपाट गेलं, फ्रिज गेला, तुळशीची कुंडी गेली. कुत्री गेटवर राहिली. गळ्यात पट्टा तसाच. ती आठ दिवस त्या बंद दारापाशी बसून होती. आता ती आमच्या नाक्यावरची 'भटकी' आहे. भटक्या कुत्र्यांवर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद चाललाय, चालू दे, पण त्यातली काही कुत्री अशी घरातूनच रस्त्यावर आलेली असतात याची कोणी मोजदाद करत नाही.

कोकणातल्या प्रवासी संघटना दर उन्हाळ्यात गणपतीच्या जादा गाड्यांसाठी निवेदनं देतात. त्यांच्यातले बरेच जण माझ्या मित्रयादीत आहेत. तुम्हाला हात जोडून विनंती, या वर्षीच्या निवेदनात एवढं एक कलम घाला: एका जादा गाडीला, सेकंड क्लासच्या एका डब्यातला एक कप्पा, लसीचं कार्ड आणि मुसकी असलेल्या पाळीव प्राण्यांसाठी, प्रयोग म्हणून एका गणपतीपुरता. कागद मी लिहून देते. सह्या मी गोळा करते, आमच्या एका बिल्डिंगमध्येच कुत्रा-मांजर असलेली सहा घरं आहेत. पहिल्या फेरीला कप्पा धुवायची वेळ आली तर बादली घेऊन मी येते.

यंदा मागे राहायची पाळी माझी होती. काल रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तू जा. मी अठराचा झालोय, मी थांबतो भुऱ्याजवळ." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताटातली अर्धी पोळी मोडली आणि टेबलाखाली हात नेला.